यकृतपेशींचा जमाखर्च

२०२०च्या दिवाळीत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत फराळाच्या कढईशेजारी काढ्याचं पातेलं होतं. कोविडची लस अजून यायची होती. एरवी कुंपणावर कुणी ढुंकून न बघितलेली गुळवेल गोळ्या, रस आणि चूर्ण होऊन दुकानांत आली होती. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत, मुंबईत डॉ. आभा नागरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कावीळ झालेले सहा रुग्ण वेगळे वाटले. विषाणूच्या चाचण्या कोऱ्या होत्या आणि दारूनेही उत्तर मिळत नव्हतं. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, आणि यकृताचा तुकडा तपासला तेव्हा शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला चढवल्याच्या खुणा दिसल्या. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीला असा दोष देणं दिशाभूल करणारं आहे. वनस्पती नेमकी कोणती होती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी तर नव्हती ना, असेही प्रश्न आले. २०२२मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि वाद आणखी पेटला.

त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं. मला मात्र त्यातला एक साधा प्रश्न सोडवेना. समजा, एक पदार्थ यकृताच्या पेशीपर्यंत पोचला. पुढच्या मिनिटात, तासात, दिवसात त्या पेशीच्या आत काय होतं? दवाखान्यात आपण एसजीपीटी, एसजीओटी करून घेतो. ही यकृतपेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशी फुटली, दुखावली की रक्तात उतरतात. म्हणजे आकडा वाढलेला दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. नुकसानाआधीची घालमेल पाहायची तर पेशीच्या आतच डोकवावं लागतं: किती साखर आली, किती जळली, कोणती अमिनो आम्लं संपली, चरबी साठली की निघाली, विष निवारणारं ग्लुटाथिओन किती उरलं. अशा शेकडो छोट्या रेणूंना मिळून मेटाबोलाइट म्हणतात, आणि त्या सगळ्यांची एकाच वेळी नोंद काढणं म्हणजे मेटाबोलाइट प्रोफाइलिंग. पेशीचा एका क्षणाचा जमाखर्चच तो. हिंजवडीपासून भोसरी-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्या करून देणाऱ्या प्रयोगशाळा पसरल्या आहेत. यकृतपेशींचं हे काम तिथे कसं चालतं ते पाहायला मी गेलो.

आधी यकृताबद्दल थोडं सांगायला हवं. मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जातं, आणि त्यातलं बरंचसं थेट आतड्याकडून आलेलं असतं. आपण गिळलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उरलेल्या शरीराच्या आधी इथे पोचते. पॅरासिटॅमॉलचंच घ्या. ठरलेल्या मात्रेत यकृत त्यातला बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे काढतं. थोडासा भाग मात्र एनएपीक्यूआय नावाच्या जहाल पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथिओन त्याला लगेच पकडून ठेवतं. एका दमात खूप गोळ्या घेतल्या तर ग्लुटाथिओन संपतं आणि तो मोकळा पदार्थ पेशीच्या प्रथिनांना चिकटत सुटतो. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा दिला जातो तो ग्लुटाथिओनचा साठा पुन्हा भरून यावा म्हणून. २००६ साली जपानमधल्या सोगा यांच्या गटाने पॅरासिटॅमॉल दिलेल्या उंदरांच्या यकृतातले शेकडो रेणू एकदम मोजले, आणि ऑफ्थाल्मिक आम्ल नावाचा एक रेणू अचानक वर आलेला त्यांना दिसला. हा मुळात वासराच्या डोळ्याच्या भिंगात सापडलेला, फारसं कुणी लक्ष न दिलेला रेणू. ग्लुटाथिओन खर्ची पडायला लागलं की तो वाढतो. हा रेणू कुणी शोधायला गेलं नव्हतं. सगळंच मोजलं म्हणून तो सापडला. या शास्त्राचं बळ मला इथे दिसतं.

पण प्रत्येक संशयित औषधासाठी माणसाचं यकृत कापता येत नाही. म्हणून पेशी शरीराबाहेर वाढवायच्या. भारतात या विद्येचा पाया एका पुणेकर बाईने घातला, आणि तिचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवं इतकं मोठं आहे. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ला पुण्यात झाला. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. ती मात्र पेशींच्या अभ्यासाकडे वळली. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये पीएच.डी. केली आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गे म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ साली हेला पेशी वाढवणारे. शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या मानवी पेशींची ती पहिली ओळ, आणि ती त्या बाईला न विचारता घेतलेली होती. रणदिवे तिथून पेशी जगवण्याचं तंत्र शिकून परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९७३मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. आज हिंजवडीत इन्क्युबेटरचं दार उघडणाऱ्या मुलींपैकी किती जणींना हे ठाऊक आहे, मला शंका वाटते. ठाऊक असायला हवं.

पुण्याचं या कामाशी आणखी एक नातं आहे. १९६७ साली इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशींच्या ओळी तयार केल्या. त्यातल्या एकीतून जपानमध्ये १९७८ साली निवडलेला सी६/३६ हा वाण डेंग्यूचा विषाणू वाढवायला जगभर वापरला जातो. पुढे १९८६मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्राण्यांच्या पेशी जपून ठेवून देशभर पुरवण्यासाठी पुण्यात एक राष्ट्रीय सुविधा उभी करायचं ठरवलं. तीच आज विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातली एनसीसीएस. देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी आपल्या पहिल्या यकृतपेशी इथूनच नेल्या आहेत.

त्या पेशींचं नाव हेपजी२. अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये वाढवल्या गेल्या आणि १९७९मध्ये ‘नेचर’मधून जगापुढे आल्या. बरीच वर्षं त्यांना प्रौढांमधल्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी म्हणत. नंतर तपासात दिसलं की गाठ लहान मुलांत होणाऱ्या प्रकारची होती. तो मुलगा कोण, हे शास्त्राला माहीत नाही. त्याच्या पेशी मात्र आज पुण्यातही फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढताहेत. अल्ब्युमिन बनवतात, साधारण दोन दिवसांत दुप्पट होतात, गुच्छ करून वाढतात, आणि इतर पेशींच्या मानाने समजूतदार आहेत असं त्यांना सांभाळणारे म्हणतात.

मी पाहिलेल्या प्रयोगशाळेत त्यांना सांभाळणारी मुलगी राजगुरुनगरची. रोज चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करून येते, म्हणून पेशींचं वेळापत्रक तिच्या बसच्या वेळापत्रकाशी बांधलेलं असतं. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. हूडमध्ये हात घालण्याआधी हातमोज्यांवर अल्कोहोलचा फवारा. फ्लास्क तिरका करून तिने जुना मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, ओढून घेतला. तो गुलाबी मीडिया कडेला पिवळसर झाला होता. पेशी साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात आणि त्यामुळे त्यातला रंग बदलतो. ‘सर, हा रंगच आमचा पहिला रिपोर्ट असतो,’ ती म्हणाली.

रंगाच्या मागची साखर जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा डीएमईएम मीडिया लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज घालून मिळतो. आपल्या रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत तो आकडा ४५० होतो. उपाशीपोटी आपली साखर शंभराच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे इथल्या पेशी कायम बेताल मधुमेही रक्तात पोहत असतात. एवढी साखर हाताशी असली की हेपजी२ पेशी ग्लुकोज अर्धवट जाळूनच ऊर्जा मिळवतात आणि मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीला, फारसं कामाला लावत नाहीत. मग मायटोकाँड्रियाला मारणारं औषध घातलं तरी पेशींचं काही बिघडत नाही, आणि औषध निर्धोक वाटतं. यावर उपाय निघाला: ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज द्यायचं. गॅलॅक्टोजवर पेशींना मायटोकाँड्रियाशिवाय भागत नाही, आणि आधी लपलेलं विष उघडं पडतं. औषध तेच आणि पेशीही त्याच. एक साखर बदलली की निष्कर्ष उलटतो. २०१७मध्ये अमेरिकेत मानवी रक्तासारख्या घटकांचा मीडिया तयार केला गेला तेव्हा असंच काहीसं झालं. नेहमीच्या मीडियात यूरिक आम्ल नसतं, माणसाच्या रक्तात असतं. ते घातल्याबरोबर पेशींमधलं पिरिमिडीन बनवणारं एक एन्झाइम मंदावलं, आणि कर्करोगावरच्या एका औषधाचा परिणामही बदलला. कित्येक वर्षं पेशींच्या थाळीत तो घटकच नव्हता.

मीडियात घालायचं सीरम हा वेगळाच विषय. गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात, आपल्याकडे बरंचसं बाहेरून येतं आणि दर बाटलीत थोडं वेगळं असतं. त्यात स्वतःचीच शेकडो मेटाबोलाइट असतात. पेशीतलं काय आणि सीरममधलं काय हे वेगळं काढायचं तर पेशी नसलेला नुसता मीडियाही तितक्याच तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून मोजावा लागतो. काही जण छोटे रेणू आधीच गाळून काढलेलं सीरम वापरतात. प्रयोग सुरू झाल्यावर सीरमचा लॉट बदलायचा नाही हा नियम मी इथे बऱ्याच जणांकडून ऐकला.

आता मुख्य कामाकडे येऊ. सहा कप्प्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढल्या आहेत. काही कप्प्यांत औषध आहे, काहींत नुसता ते विरघळवणारा द्रव. चोवीस तास झाले. आता पेशींमधलं रसायन आहे तिथेच थांबवायचं आहे. अडचण अशी की ते थांबायला तयार नसतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा साठा काही सेकंदांत नव्याने बनतो आणि खर्चतो. ग्लुकोजच्या वाटेवरचे मधले रेणूही सेकंदासेकंदाला येतात-जातात. प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढून गप्पा मारत टेबलावर ठेवली तर पेशी थंड पडतात, त्यांना ऑक्सिजनचं मान वेगळं मिळतं, आणि आपण औषधाऐवजी आपल्याच दिरंगाईचा परिणाम मोजून बसतो.

पेशी सुट्या करायची नेहमीची रीत म्हणजे ट्रिप्सिन. ती इथे वर्ज्य. ट्रिप्सिनला मिनिटं लागतात, तेवढ्यात पेशी आक्रसते, आतले रेणू गळतात. म्हणून पेशी तळाला चिकटलेल्या असतानाच त्यांना मारायचं. मुलीने मीडिया एका झटक्यात ओढला, ३७ अंशांवर कोमट ठेवलेल्या क्षारांच्या पाण्याने एकदा धुतलं, तेही ओढलं, आणि उणे ऐंशी अंशांवर थिजवून ठेवलेलं ऐंशी टक्के मिथेनॉल ओतलं. प्लेट लगेच ड्राय आइसवर गेली. हे सगळं होईपर्यंत माझं वाक्य अर्धंच झालं होतं. फॉस्फेटचं पाणी धुवायला का नको, हे तिने नंतर सांगितलं: फॉस्फेट उरलं तर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये इतर रेणूंचा सिग्नल दाबून टाकतं. म्हणून अमोनियमचा क्षार, जो पुढे उडून जातो. मग प्लास्टिकच्या खरवडणीने तिने तळ खरवडला. मिथेनॉलमध्ये पेशींचा राखाडी चोथा तरंगू लागला. एक कप्पा झाला की दुसरा, त्याच लयीत, तितक्याच वेळात. सहापैकी एखाद्याला जास्त वेळ लागला तर वहीत तसं लिहायचं. तिच्या वहीत अशा नोंदी होत्या. ज्या प्रयोगशाळेच्या वहीत अशी एकही नोंद नसेल तिच्या आकड्यांवर माझा भरवसा कमी बसेल.

काही जागी मिथेनॉलऐवजी द्रव नायट्रोजन थेट ओततात. तो नायट्रोजन या पट्ट्यासाठी परका नाही. चाकणला हवा थंड करून तिचे घटक वेगळे करणारे मोठे प्रकल्प आहेत. २०२१च्या दुसऱ्या लाटेत आयनॉक्स आणि तायो निप्पॉन सान्सो यांच्या चाकणच्या प्रकल्पांतून निघणाऱ्या ऑक्सिजनच्या टँकरकडे सगळ्या पुणे जिल्ह्याचे डोळे लागले होते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे ऑक्सिजन काढणाऱ्या अशा प्रकल्पात तोही हाताशी येतो. तो उणे १९६ अंशांवर उकळतो. वर्षानुवर्षं पेशी जिवंत झोपवून ठेवायला आणि पेशीला एका क्षणात थांबवायला, दोन्हीला तोच लागतो.

खरवडलेला द्रव नळीत घेतात, त्यात क्लोरोफॉर्म आणि पाणी मोजून घालतात, हलवतात, चार अंशांवर सेंट्रिफ्यूज फिरवतात. १९५०च्या दशकात फोल्च आणि ब्लाय-डायर यांनी घालून दिलेली ही पद्धत अजून चालते. नळी बाहेर आली की तीन थर दिसतात. वर पाण्याचा स्वच्छ थर: त्यात साखरा, अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड. मध्ये प्रथिनांची पांढरी चकती. खाली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेली चरबी. वरचा थर पिपेटने घेताना टोक चकतीला लागू द्यायचं नाही. ती चकतीही फेकत नाहीत, कारण प्रथिन मोजून कोणत्या कप्प्यात किती पेशी होत्या ते कळतं. हे न करता दोन कप्प्यांची तुलना केली तर औषधाने अर्ध्या पेशी मारल्या हेच ‘सगळी मेटाबोलाइट घटली’ असं दिसतं. अशा चुकीच्या निष्कर्षांनी शोधनिबंध भरले जाऊ शकतात, म्हणून यावर इतका भर.

त्यानंतर यंत्र. लिक्विड क्रोमॅटोग्राफी रेणूंना एकामागून एक पुढे काढते, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचं वस्तुमान दहा लाखांत पाच भागांच्या आत चूक ठेवून मोजतो. पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंसाठी एक कॉलम, चरबीसाठी दुसरा. नमुन्यात सुरुवातीलाच जड कार्बन किंवा ड्यूटेरियमचे ओळखीचे रेणू ठरलेल्या मापाने घातलेले असतात. वाटेत किती गळालं हे त्यांच्यावरून कळतं. सगळ्या नमुन्यांतला थोडा थोडा भाग एकत्र करून केलेला नमुना दर काही इंजेक्शननंतर पुन्हा लावतात. यंत्राचा कल दिवसभरात सरकला तर तो तिथे पकडला जातो. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा उलटसुलट ठेवतात. औषधाचे सगळे सकाळी आणि बिनऔषधाचे सगळे संध्याकाळी लावले तर सकाळ-संध्याकाळचाच फरक शोध म्हणून छापला जाईल.

पडद्यावर हजारो पीक, म्हणजे सिग्नलची टोकं, येतात, आणि इथे फार संयम लागतो. त्यातले बरेच एकाच रेणूचे तुकडे, क्षार चिकटलेले भाऊबंद, प्लास्टिकमधून आलेली घाण. कॅनडातल्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने २००७मध्ये मांडलेल्या मानवी मेटाबोलोम कोशात आता दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. वस्तुमान जुळलं की कोश दहा नावं सुचवतो. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज यांचं वस्तुमान एकच. शुद्ध रेणू विकत आणून, त्याच यंत्रावर, त्याच वेळी बाहेर येतो आणि तसाच तुटतो हे दाखवल्याशिवाय नाव पक्कं म्हणायचं नाही. किती खात्री आहे त्याच्या चार पायऱ्या याच क्षेत्रातल्या लोकांनी २००७मध्ये ठरवून दिल्या आहेत. चांगला निबंध प्रत्येक नावापुढे पायरी लिहितो.

आपल्याकडे या कामातला सगळा मान यंत्राला मिळतो. करोडोंचं यंत्र आलं की उद्घाटन होतं, छायाचित्र छापून येतं. ज्या हातांनी पेशी थांबवतानाचे ते काही सेकंद सांभाळले ते हात बहुधा कंत्राटावर, फेलोशिपच्या मुदतीवर असतात. तीन वर्षांत एखादीचा हात बसतो, ओतणं-ओढणं तंतोतंत होतं, आणि तेव्हाच तिची मुदत संपते. नवीन मुलगी पुन्हा पहिल्यापासून. नवख्या हाताची चूक यंत्र भरून काढू शकत नाही, कारण यंत्रापर्यंत पोचेतो तो क्षण गेलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा प्रयोगशाळांत हाताने काम करणाऱ्यांना कायमची, सन्मानाची पदं नसतील तर यंत्रावरचा खर्च बराचसा वाया जातो.

पेशींचा हिशोब ठेवणारं हे हातकाम पिंपरीला तरी नवीन नसावं. इथे मोटारींच्याही आधी बुरशी वाढली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, इथल्या लोकांची ‘एच.ए.’, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनवू लागली. पेनिसिलिन हे बुरशीचं मेटाबोलाइटच. टाकीतल्या बुरशीला काय खायला घातलं, किती हवा दिली, कोणत्या तासाला किती औषध झालं, हे मोजत बसणं हे त्या कारखान्याचं रोजचं काम होतं. तिथेच एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. नावात कंपनीची आद्याक्षरं आहेत. आज त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, चाकणला, एन्झीनसारखी कंपनी चिनी हॅमस्टरच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून जैविक औषधं बनवून घेते. त्या टाक्यांतही लॅक्टेट आणि अमोनिया साचले की पेशी रुसतात, म्हणून तेच मोजावं लागतं. पेशींचा जमाखर्च ठेवणारे हात या मातीत सत्तर वर्षं तयार होत आले आहेत.

यकृताच्या बाबतीत मात्र हेपजी२ एका मर्यादेपलीकडे नेत नाही. या पेशींना चरबीची आम्लं पाजून फॅटी लिव्हर बनवता येतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आलेल्या ‘दिसायला बारीक, आतून चरबीचा’ या भारतीय शरीराचा एक भाग अभ्यासायला ते उपयोगी आहे. २००४मध्ये त्यांनी आणि लंडनच्या युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. चाकणच्या कंपन्यांत रात्रपाळी करून पहाटे वडापाव खाणाऱ्या पोरांची सोनोग्राफी झाली की असे अनेक बारीक फॅटी लिव्हरवाले निघतील असं मला वाटतं. केंद्र सरकारनेही २०२१मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. पण औषध पचवणाऱ्या सायटोक्रोम पी४५० एन्झाइम्सचं प्रमाण हेपजी२मध्ये फार कमी आहे. एखादं औषध मूळ रूपात निरुपद्रवी आणि यकृताने बदललेल्या रूपात घातक असेल, तर या पेशी ते घातक रूप नीट बनवतच नाहीत. गुळवेलीबद्दलही हीच अडचण. पेशीला थेट विष लागलं का हे प्लेटमध्ये दिसेल. शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेने यकृतावर हल्ला केला असेल तर ती यंत्रणा प्लेटमध्ये नाहीच.

क्षयरोगाच्या औषधांकडे पाहिलं की हे किती जवळचं आहे ते कळतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. सहा महिन्यांच्या उपचारात आयसोनियाझिड असतं. १९५२पासून ते वापरात आहे, आणि काहींच्या यकृताला ते बाधतं. यकृत त्याला एनएटी२ या एन्झाइमने बदलतं. काही लोकांत हे एन्झाइम वेगाने चालतं, काहींत सावकाश, आणि आपल्याकडे सावकाशवाल्यांचं प्रमाण मोठं आहे. सावकाश चालणाऱ्यांत औषध आणि हायड्रझिनसारखे पदार्थ जास्त वेळ रेंगाळतात. भोसरीच्या चाळीत एकाच खोलीत राहणाऱ्या दोन कामगारांना तीच गोळी दिली तर एकाला काही होणार नाही, दुसऱ्याला महिन्याभरात कावीळ होऊ शकते. एका अर्जेंटिनी मुलाच्या गाठीतल्या पेशी या दोघांमधला फरक सांगू शकत नाहीत.

त्यासाठी खऱ्या माणसांच्या ताज्या यकृतपेशी लागतात. १९६९मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी उंदराच्या यकृतातून कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम फिरवून पेशी जिवंत सुट्या करण्याची रीत दाखवली. माणसाच्या यकृताचा कापलेला तुकडा असेल तर त्याच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून हेच करता येतं. अशा पेशी काही दिवसांतच आपलं काम विसरायला लागतात, म्हणून त्या लगेच वापरायच्या किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. इथल्या प्रयोगशाळा अशा गोठवलेल्या कुप्या बहुतांशी परदेशातून मागवतात. महाग असतात, आणि पेशी देणारे दाते बहुतेक तिकडचेच असतात.

पुणे-पिंपरीत आता यकृत प्रत्यारोपणं होतात आणि त्यांचा ताळमेळ प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठेवतं. काही दानाची यकृतं चरबीमुळे किंवा वेळ उलटल्याने प्रत्यारोपणाला चालत नाहीत. शस्त्रक्रियेत कापलेल्या यकृताचा निरोगी कडेचा भागही असतो. कुटुंबाला मराठीत, सावकाश समजावून, लेखी संमती घेऊन, नाव लपवून, फक्त जनुकांची आणि आजारांची नोंद ठेवून या तुकड्यांतून पेशी काढल्या, तर महाराष्ट्राच्या माणसांच्या यकृतपेशींचा एक साठा इथेच उभा राहू शकतो. त्यासाठी एवढंच हवं: चोवीस तास फोन उचलणारा माणूस, ऑपरेशन थिएटरपासून प्रयोगशाळेपर्यंत बर्फात तुकडा नेणारी गाडी, रात्री दोनला कोलॅजिनेज तयार ठेवणारी कुणी तरी, आणि तिच्या पगाराची पाच-दहा वर्षांची हमी. द्रव नायट्रोजन चाकणला आहेच, पेशी जपण्याचा अनुभव गणेशखिंडीत आहे, यंत्रं हिंजवडीत आहेत. हेन्रिएटा लॅक्सला न विचारता जे झालं ते टाळून, म्हणजे दात्याच्या घरच्यांना आधी विचारून, हे काम सुरू करायचं आहे.